पंचविसावा शब्द

माझ्या दुकानावर ‘जुन्या आठवणी नव्या करून मिळतील’ अशी पाटी आहे. ती ताईच्या नवऱ्याने सुचवली होती, म्हणून मी वाद घातला नाही. काम एवढं भारी नाही. लोक जुन्या कॅसेटी, सीड्या, कॅमेऱ्याची कार्डं घेऊन येतात आणि मी त्यातलं सगळं आजच्या मशीनवर चालेल असं करून देते. लग्नं, वाढदिवस, शाळेची गॅदरिंगं. दुसऱ्यांच्या घरची माणसं दिवसभर माझ्या पडद्यावर हसत असतात आणि मी फक्त ओठ आणि आवाज बरोबर चाललेत ना, एवढंच बघते. उलटं काम, म्हणजे नवं जुनं करून देण्याचं, चौदा वर्षांत एकदाच आलं. तेही घरचंच.

माझी आई बावीस वर्षं कानाच्या दवाखान्यात खिडकीपाशी बसायची. नावं लिहून घ्यायची, आत पाठवायची, ऐकू न येणाऱ्यांशी न ओरडता बोलायची. तिचे उच्चार स्वच्छ होते, म्हणून तिथल्या तपासणीचे शब्दसुद्धा तिच्याच आवाजात भरले होते. तपासणी सोपी असते. काचेची खिडकी असलेल्या एका बंद खोलीत माणसाला बसवतात, कानाला हेडफोन लावतात आणि पंचवीस शब्द ऐकवतात. जो ऐकू येईल तो त्याने तसाच म्हणायचा. पाणी म्हटलं की पाणी. काठी म्हटलं की काठी. किती बरोबर आले त्यावरून कान किती शाबूत आहेत ते ठरतं.

आई गेल्याला पाच महिने झाले होते आणि माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. ताईने हॉस्पिटलच्या जिन्यातच गळा काढला. मी तेव्हा पार्किंगची पावती शोधत होते. लोक पुढे करतील त्या कागदावर मी न वाचता सही करत होते आणि नंतरही तेच चालू राहिलं. कुणी काही विचारलं की मी हो म्हणायचे. भूक लागायची, झोप यायची, गिऱ्हाइकाशी भांडणसुद्धा व्हायचं. पण आत सगळं इंजेक्शन दिलेल्या हिरडीसारखं झालं होतं.

बाबांचं वेगळंच होतं. ते बोलायचेच बंद झाले. हूं नाही की चूं नाही, मिठाची गुळणी धरल्यासारखे बसून राहायचे. हाक मारली तर मान वळत नव्हती. घंटा वाजवली तर दार उघडत नव्हते. माझ्याकडे किल्ली होती म्हणून मी रोज सकाळी आत जाऊ शकायचे. एकदा चहाचं भांडं जळून कोळसा झालं, धुराचा भोंगा अख्ख्या इमारतीला ऐकू गेला आणि बाबा बाजूच्या खोलीत खिडकीबाहेर बघत बसले होते. शेजाऱ्यांनी मला दुकानात फोन केला.

ताई दुसऱ्याच दिवशी आली आणि बाबांना एका नव्या, चकचकीत केंद्रात घेऊन गेली. तिथे बारीक आवाज ऐकू आला की बटण दाबायचं होतं. बाबांनी बटण दाबलं नाही. मग शब्द ऐकवले. पंचवीसपैकी शून्य.

“दोन्ही कान गेलेत,” ताई म्हणाली. “आता एकटं ठेवायचं नाही, छोटे. मी त्यांना माझ्याकडे नेते. घर सोडून देऊ.”

मी हो म्हटलं.

त्या संध्याकाळी बाबांनी एका जुन्या पाकिटाच्या मागे काहीतरी लिहून माझ्या हातात दिलं. ‘मी इथेच राहणार.’ बस, एवढंच. अक्षर नेहमीसारखं, टिंबसुद्धा जागच्या जागी. ताईने ते वाचलं आणि म्हणाली, “राहणार म्हणजे कसे? उद्या आग लागली तरी कळायचं नाही.” तिचं चुकत नव्हतं. त्यांनी तिथे राहावं असं मला वाटत होतं का, हे मी सांगू शकत नाही, कारण वाटणंच बंद पडलं होतं. पण ते पाकीट मी पर्समध्ये ठेवलं आणि आईच्या जुन्या दवाखान्यात गेले.

तिथल्या तपासणीच्या बाईंना आम्ही लहानपणापासून कानवाल्या बाई म्हणतो. त्यांनी नव्या केंद्राचा रिपोर्ट चष्म्याखालून वाचला आणि नाक मुरडलं.

“शून्य? शून्य कुणालाच येत नाही गं. दगडसुद्धा चुकून दोन-तीन शब्द म्हणेल. ऐकू येत नाही की म्हणायचं नाही, हे मशीनला कुठलं कळायला?” त्यांनी कपाटातून बाबांची सहा वर्षांपूर्वीची तपासणी काढली. तेवीस. “तुलना करायची तर तेच शब्द, तोच आवाज, तेच मशीन हवं. आणि तिथेच तर घोडं अडलंय.”

मशीन म्हणजे एक पिवळा पडलेला जुना कॉम्प्युटर. दोन महिन्यांपूर्वी त्याची डिस्क बसली. दुरुस्त करणाऱ्याने दुसरी टाकली, प्रोग्राम कसाबसा चालू झाला, पण शब्द गेले. कॉपी नव्हती. प्रोग्राम असा हट्टी की त्याला त्याच्या जमान्यातल्याच आवाजाच्या फायली लागायच्या आणि त्याही फ्लॉपीवरून.

“पण शब्द भरले त्या दिवशी तुझे बाबा कॅमेरा घेऊन आले होते,” बाई म्हणाल्या. “आत कोपऱ्यात स्टुलावर बसून शूटिंग केलं होतं. मी दम दिला होता, श्वास वाजला तर बाहेर काढीन म्हणून.”

तो कॅमेरा मला चांगला आठवत होता. बाबांनी तो घेतला त्या वर्षी घरातलं एकही माणूस सुखाने जेवलं नाही. आई त्याला सवत म्हणायची. त्याच्या पुढे एक छोटा दिवा होता आणि बाबा तो भर दुपारीसुद्धा लावायचे. सगळ्या फायली बाबांनी तारखेप्रमाणे लावून एका डिस्कवर ठेवल्या होत्या; कपाटातून ती काढायला मला दोन मिनिटं लागली. बाबा पलंगावर बसून माझ्याकडे बघत होते. मी डिस्क दाखवली. ते पुन्हा खिडकीकडे वळले.

ताईने मला गुरुवारपर्यंत मुदत दिली. गुरुवारी तपासणी, शुक्रवारी सामान बांधायला सुरुवात.

दुकानात बसून मी पहिल्यांदा चित्र काढून टाकलं. मशीनला चित्र नको होतं आणि मलाही नको होतं. मग उरला आवाज. कॅमेऱ्याने तो डावा-उजवा असा दोन पदरी भरला होता. त्याचा एक पदर केला. एका सेकंदाचे अठ्ठेचाळीस हजार तुकडे होते ते अकरा हजारांवर आणले. मग आवाजाच्या बारीक-मोठ्या पायऱ्या. त्या हजारोंनी असतात, जुन्या मशीनला फक्त दोनशे छप्पन्न कळतात. पायऱ्या कमी केल्या की शब्दाच्या मागे बारीक खरखर येते. चांगला आवाज मुद्दाम वाईट करायचा, पण शब्द मात्र कळला पाहिजे, असं ते काम. मला ते बरं जमत होतं.

पाणी. काठी. माती. वाटी. मी प्रत्येक शब्द चाळीसदा तरी ऐकला असेल. कुठे सुरू होतो, कुठे संपतो, दोन्हीकडे किती शांतता ठेवायची. आई दहाव्या शब्दानंतर दमली होती, तिचा आवाज उतरत गेला होता. तपासणीत ते चालत नाही. एकाही शब्दाला दुसऱ्यापेक्षा जास्त जोर नको. म्हणून मी उतरलेले शब्द उचलले, चढलेले दाबले, सगळे एका रेषेत आणले. मधेच चहा प्यायले. हेडफोनमध्ये आई ‘चावी, चावी, चावी’ म्हणत होती आणि मी मनात म्हणत होते की या ‘च’चा फटका जरा कमी करायला हवा. मला काहीच वाटलं नाही. वाटायला हवं होतं हे कळत होतं आणि त्याचंही काही वाटलं नाही.

चोवीस शब्द झाले आणि पुढे नुसतीच काळी पट्टी. कॅमेऱ्याची बॅटरी संपली होती. बाबांचं नेहमीचंच होतं ते. सगळं आयुष्य शूट करायचं आणि ऐन वेळी बॅटरी नाही.

मी बाईंना फोन केला. “पंचविसावा कोणता?”

“दिवा,” त्या म्हणाल्या. “अगं, तूच म्हण की. तुझा आवाज हुबेहूब तिचा आहे. फोनवर मी अजूनही दचकते.”

हे सगळेच म्हणतात. आई असताना तिच्या मैत्रिणी मला फोनवर पाच-पाच मिनिटं स्वतःची दुखणी सांगायच्या आणि मग कळायचं की ही धाकटी आहे.

“मी नाही म्हणणार,” मी म्हटलं. माझा आवाज चढला. “मी आई नाहीये. फसवायचंय का त्यांना?”

“बरं बाई, राहिलं. एका शब्दाने काही बिघडत नाही. चोवीसवर करू.”

पण मला ते पटेना. पंचवीस म्हणजे पंचवीस. बुधवारी दुकान आतून बंद करून मी ती डिस्क पहिल्यापासून ऐकायला बसले. चित्र बंदच ठेवलं होतं. मांजराच्या मागे पळणं, ताईचं घर लावणं, बाल्कनीतल्या कुंड्या, आईचं ‘पुरे झालं हो’ कितीतरी वेळा. दुपारी तीनच्या सुमाराला ते सापडलं. कुठल्याशा संध्याकाळी आई शिवत बसली असावी, मागे शिलाई मशीनची घरघर होती. ती थांबली आणि आई म्हणाली, “अहो, तो दिवा बंद करा आधी. डोळ्यांवर येतोय.”

“बरं,” कॅमेऱ्यामागून बाबांचा आवाज. खट्. मग, “आता?”

“आता ठीक,” आई म्हणाली. “या, बसा इथे.”

आणि फाइल संपली.

आधी मी बाबा सुरू होण्यापूर्वी फाइल तोडली, म्हणजे आईचं अख्खं बोलणं एक तुकडा राहिलं. मग त्यातून नुसता ‘दिवा’ कापून काढला. तो बाकीच्या चोवीसांच्या रेषेत बसवणं सोपं नव्हतं. ते शब्द फळ्यावर लिहिल्यासारखे होते आणि हा घरातला होता, जरा वैतागलेला. दाबून, घासून बसवला. मूळ तुकडाही जुन्या पद्धतीत करून ठेवला, कारण काम करताना मी मूळ कधी टाकत नाही. एका फाइलचं नाव ‘शब्द पंचवीस कापलेला’, दुसरीचं ‘शब्द पंचवीस पूर्ण’, दोन्ही इंग्रजी अक्षरांत. जुन्या मशीनला नावाची आठच अक्षरं चालतात हे मला माहीत होतं. चौदा वर्षं मी हेच काम करते, मला नाही माहीत तर कुणाला? दोन्ही नावांची पहिली आठ अक्षरं एकच होती. फ्लॉपी भरताना शेवटी पडद्यावर काहीतरी प्रश्न आला. मी न वाचता हो म्हटलं.

गुरुवारी सकाळी बाबांना घेऊन आम्ही दवाखान्यात गेलो. ते शर्टाची वरपर्यंत बटणं लावून तयार बसले होते. ताई बाहेर बाकावर बसली. तिने पर्समधून सामान नेणाऱ्या गाडीवाल्याचं कार्ड काढलं आणि पुन्हा आत ठेवलं. तिचे डोळे सुजले होते. ताई दुष्ट नाही, हे मी मुद्दाम सांगते. तिला रात्रभर जळलेलं भांडं दिसत असणार.

बाई बाबांना आतल्या खोलीत घेऊन गेल्या, खुर्चीत बसवलं, हेडफोन लावला. खोली केवढीशी, एक खुर्ची, छतावर एक दिवा, दाराजवळ त्याचं बटण. काचेच्या अलीकडे मी आणि बाई. आतलं बोलणं आम्हाला दोघींना हेडफोनमध्ये ऐकू येत होतं आणि आपण आत बोलायचं असेल तर समोरचं लाल बटण दाबून बोलायचं.

“जो शब्द ऐकू येईल तो म्हणायचा,” बाईंनी लाल बटण दाबून सांगितलं. बाबांनी मांडीवर हात ठेवले.

पाणी.

बाबांची मान वर आली. तिच्या आवाजाने आली की नुसतीच आली, देव जाणे. ते काही बोलले नाहीत. बाईंनी पाच सेकंद वाट बघितली आणि चौकटीत फुली मारली.

काठी. माती. वाटी. ते समोर काचेकडे बघत होते, पण आमच्याकडे नाही. भाजी. गाडी. प्रत्येक शब्दानंतर हेडफोनमध्ये त्यांचा श्वास ऐकू यायचा, मग बाईंच्या पेन्सिलीचा आवाज. बाराव्या शब्दाला त्यांनी ओठ जुळवले आणि मी पुढे झुकले. काही आलं नाही. फुली. मी मनात म्हणत होते, म्हणा ना. एकदा तरी म्हणा. माझी खरखर जास्त झाली, की आवाज जास्त दाबला गेला, की खरंच काही ऐकू येत नाही? चोवीस शब्द आई एका रेषेत, एका सुरात म्हणत गेली आणि बाबा एका सुरात गप्प राहिले. चोवीस फुल्या.

“राहू दे,” बाई हळूच म्हणाल्या. “शेवटचा नको घ्यायला.”

“घ्या,” मी म्हटलं. “पंचवीस म्हणजे पंचवीस.”

त्यांनी कळ दाबली. हेडफोनमध्ये मागे शिलाई मशीनची घरघर ऐकू आली, आणि ती घरघर तिथे असायलाच नको होती. फ्लॉपीवर पूर्ण फाइल कापलेलीवर चढली होती.

“अहो, तो दिवा बंद करा आधी. डोळ्यांवर येतोय.”

“हे काय?” बाई माझ्याकडे वळल्या.

“बरं,” बाबा म्हणाले.

पाच महिन्यांनी ऐकलेला त्यांचा आवाज जाड झाला होता, गंजलेल्या बिजागरीसारखा. ते खुर्चीतून उठले. हेडफोनची वायर ताणली गेली, ती एका हाताने धरून ते दारापर्यंत गेले आणि त्यांनी बटण बंद केलं. खोलीत अंधार झाला. काचेत आता आम्ही दोघीच दिसत होतो.

बाईंची पेन्सिल कागदावर तशीच राहिली. हेडफोनमध्ये श्वास येत होता, जरा भरभर. मग अंधारातून त्यांनी विचारलं,

“आता?”

आणि ते थांबले. मला पुढचं वाक्य माहीत होतं. कालच मी ते ऐकलं होतं, फक्त फ्लॉपीवर नव्हतं. मशीनकडे आता काहीच उरलं नव्हतं. बाबा वायर धरून अंधारात उभे होते, कुणीतरी ठीक म्हणण्याची वाट बघत.

मी लाल बटण दाबलं.

“आता ठीक,” मी म्हटलं. “या, बसा इथे.”

दुसऱ्या कुणाचा आवाज असता तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं. आत हेडफोन काढून ठेवल्याचा आवाज झाला. ते जाड दार बाबांनी दोन्ही हातांनी ओढलं आणि ते बाहेर आले. उजेडात डोळे मिचकावत त्यांनी आधी बाईंकडे पाहिलं, मग त्या मशीनकडे, मग लाल बटणावर राहिलेल्या माझ्या बोटाकडे. तिथे ते बराच वेळ बघत राहिले.

“तू होय,” ते म्हणाले.

“हो, बाबा. मी.”

आई गेली हे मला तेव्हा कळलं. पाच महिने सगळे सांगत होते, सह्या मीच केल्या होत्या, तरी तेव्हा कळलं, त्यांच्या चेहऱ्यावर. माझं बोट बटणावरून निघेना आणि मी रडायला लागले. मोठ्याने, लहान मुलीसारखी, नाक वाहेपर्यंत. बाबांनी माझ्या शेजारची खुर्ची ओढली आणि बसले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण तोही जरा उशिराने.

आवाज ऐकून ताई धावत आत आली. तिने आधी मला बघितलं, मग कागदावरच्या फुल्या बघितल्या आणि तिचा चेहरा पडला.

“सगळेच चुकले?”

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. “कागदावर सगळेच,” त्या म्हणाल्या. “पण कानांना काही झालेलं नाही.”

“मग दार का उघडत नाहीत?” ताई त्यांच्यासमोर उभी राहिली. तिचाही आवाज फुटला. “मी घंटा वाजवून वाजवून मरते, बाबा. ऐकू येतं तर उघडत का नाही?”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. 

“तुमच्या आईकडे किल्ली असते,” ते म्हणाले. “ती कधी घंटा वाजवत नाही.”